आठवीत विज्ञानाचं ‘सायन्स’ होतं तेव्हा: तेराव्या वर्षी शिकण्याची भाषा बदलली तर काय होतं?

सांगली आणि सातारा जिल्ह्यांतल्या अनेक गावांत सातवी संपली की मुलांची शाळा बदलते. जिल्हा परिषदेची शाळा मागे राहते आणि जवळच्या मोठ्या गावातलं हायस्कूल सुरू होतं. तिथे प्रवेश घेताना दाखला, फोटो आणि आधार कार्डासोबत एक प्रश्न हमखास विचारला जातो: ‘मराठी की सेमी?’

बहुतेक पालक याचं उत्तर दोन मिनिटांत देतात. ‘सेमीच करा, पुढं इंग्रजी लागतंच.’

पण या उत्तरासोबत तेरा वर्षांच्या मुलाच्या शिकण्याची भाषाच बदलते. काल जे प्रकाशसंश्लेषण होतं, ते आज फोटोसिंथेसिस होतं. लसावि आणि मसाविचे एलसीएम आणि एचसीएफ होतात. शब्दांचं एक वेळ ठीक आहे, पण आता प्रश्न इंग्रजीत वाचायचा असतो आणि ‘कारण लिहा’ या प्रश्नाचं उत्तरही इंग्रजीत लिहायचं असतं.

या वयात असा बदल केल्याने मुलांचा फायदा होतो की नुकसान? जगात हे प्रयोग आधी झालेत का? आणि पालकांनी निर्णय घेताना नेमकं काय तपासावं? सोप्या शब्दांत समजून घेऊ या.

सेमी इंग्रजी म्हणजे नेमकं काय?

सेमी इंग्रजीत गणित आणि विज्ञान हे दोन विषय इंग्रजीतून शिकवले जातात. इतिहास, भूगोल मराठीतच राहतात. दहावीच्या बोर्डालाही हे विद्यार्थी गणित आणि विज्ञानाचे पेपर इंग्रजीत लिहितात, बाकीचे मराठीत.

काही शाळांत सेमी पहिलीपासून आहे, काही ठिकाणी पाचवीपासून. पण अनेक मुलांसाठी हा बदल हायस्कूलला गेल्यावर, म्हणजे आठवीत येतो. आपण इथे त्याच मुलांबद्दल बोलतोय.

आता एक फरक लक्षात घ्या. इंग्रजी हा विषय शिकणं वेगळं आणि इंग्रजीतून विषय शिकणं वेगळं. महाराष्ट्रात १९५० च्या दशकात इंग्रजी हा विषयच आठवीपासून सुरू व्हायचा. नंतर तो पाचवीवर आला आणि २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, पहिलीपासून सुरू झाला. त्यामुळे आज आठवीत आलेल्या मुलाने सात वर्षं इंग्रजी विषय शिकलेला असतो. तरीही इंग्रजीतून बलाचा नियम समजून घेणं ही त्याच्यासाठी पूर्णपणे नवी गोष्ट असते.

हा प्रश्न आत्ता का महत्त्वाचा आहे?

२०२५ मध्ये महाराष्ट्रात शाळेतल्या भाषेवरून मोठा वाद झाला. १६ एप्रिलच्या शासन निर्णयाने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा म्हणून आणली. विरोध झाल्यावर १७ जूनला सुधारित निर्णय आला आणि २९ जूनला सरकारने दोन्ही निर्णय मागे घेतले. त्रिभाषा धोरणाचा विचार करण्यासाठी डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली.

ही सगळी चर्चा पहिलीच्या मुलांभोवती फिरली. आठवीतल्या मुलांचा मुद्दा त्यात फारसा आला नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० म्हणतं की शक्य असेल तिथे किमान पाचवीपर्यंत, आणि शक्यतो आठवीपर्यंत किंवा त्यापुढेही, घरच्या भाषेतून किंवा स्थानिक भाषेतून शिकवावं. म्हणजे धोरण जिथे मातृभाषेचा शक्यतो शेवटचा टप्पा धरतं, नेमक्या त्याच वर्गात आपल्याकडे सेमीची सुरुवात होते. मग नववीपासून पुढे कसं जायचं, मध्ये पूल कोणता, याचं ठोस उत्तर शाळेच्या पातळीवर क्वचितच मिळतं.

कॅनडाने काय केलं?

शिकण्याची भाषा बदलण्याचा जगातला सर्वात गाजलेला प्रयोग कॅनडातला आहे. तिथला क्वेबेक प्रांत फ्रेंचबहुल. माँट्रियलजवळच्या सेंट लँबर्ट या उपनगरातल्या इंग्रजी बोलणाऱ्या पालकांना वाटत होतं की शाळेत फ्रेंच शिकूनही मुलांना ती धड बोलता येत नाही. त्यांच्या आग्रहामुळे १९६५ मध्ये बालवाडीचा एक वर्ग संपूर्ण फ्रेंचमधून सुरू झाला. मॅकगिल विद्यापीठाचे वॉलेस लँबर्ट आणि रिचर्ड टकर यांनी या मुलांचा अनेक वर्षं अभ्यास केला. मुलं फ्रेंच तर शिकलीच, आणि त्यांचं इंग्रजी किंवा इतर विषयही कायमचे मागे पडले नाहीत.

या पद्धतीला ‘इमर्शन’ म्हणतात. पोहायला शिकवण्यासाठी पाण्यातच उतरवायचं, तसं भाषेत उतरवायचं.

पुढे कॅनडात याचा दुसरा प्रकार रुजला: लेट इमर्शन. यात मुलं सहावी-सातवीपर्यंत इंग्रजीतून शिकतात, फ्रेंच हा एक विषय असतो. मग अकराव्या ते तेराव्या वर्षाच्या सुमारास बहुतेक विषय फ्रेंचमधून सुरू होतात. आपल्या आठवीच्या सेमीचं हे सर्वात जवळचं भावंड.

इथे एक आश्चर्यकारक गोष्ट दिसली. माँट्रियलमधल्या फ्रेड जेनेसी यांच्या अभ्यासांत, उशिरा सुरुवात केलेली मुलं दोन वर्षांत काही चाचण्यांमध्ये बालवाडीपासून फ्रेंच शिकणाऱ्या मुलांच्या जवळपास पोहोचली. एकूण तास कितीतरी कमी असूनही!

कारण काय? तेरा वर्षांच्या मुलाला वाचन म्हणजे काय, उतारा कसा समजून घ्यायचा, मुद्दे कसे मांडायचे हे स्वतःच्या भाषेत येत असतं. ही कौशल्यं नव्या भाषेत पुन्हा पहिल्यापासून शिकावी लागत नाहीत. त्यामुळे ‘भाषा लहानपणीच शिकली तर शिकली’ हे सरसकट खरं नाही. उच्चारांच्या बाबतीत लहान मुलांना फायदा मिळतो, पण पुस्तकी भाषा शिकण्यात मोठी मुलं वेगवान असतात.

कॅनडातही हा प्रश्न कायमचा सुटलेला नाही. न्यू ब्रन्सविक हा तिथला एकमेव अधिकृत द्विभाषिक प्रांत. २००८ मध्ये तिथल्या सरकारने पहिलीपासूनचं फ्रेंच इमर्शन बंद करण्याचा निर्णय घेतला. पालकांनी आंदोलन केलं, प्रकरण कोर्टात गेलं आणि शेवटी सुरुवात तिसरीवर आणली गेली. २०१७ मध्ये ती पुन्हा पहिलीवर आली. सरकार बदललं की सुरुवातीची इयत्ता बदलते, ही आपल्याला ओळखीची गोष्ट आहे.

मग सांगलीत ते तसंच का घडत नाही?

कारण कॅनडातला प्रयोग यशस्वी होण्यामागे काही अटी होत्या.

पहिली, शिक्षक दोन्ही भाषांत पक्के होते. मुलाने इंग्रजीत विचारलेला प्रश्न त्यांना समजायचा आणि उत्तर ते सहज, बिनचूक फ्रेंचमध्ये द्यायचे.

दुसरी, मुलांच्या घरच्या भाषेला धोका नव्हता. इंग्रजी ही तिथली ताकदवान भाषा. फ्रेंच तिच्यात भर घालायला आली होती, तिची जागा घ्यायला नव्हे.

तिसरी, लेट इमर्शन ही निवड होती. झेपणारी आणि आवड असलेली मुलं तिकडे जायची, न जमलेली मुलं परत येऊ शकायची. म्हणूनच तिथले निकाल वाचताना सावध राहावं लागतं. चांगले निकाल पद्धतीमुळे आले की निवडलेल्या मुलांमुळे, हा वाद कॅनडातही आहे.

चौथी, पूर्वतयारी. न्यू ब्रन्सविकमध्ये पुढे पाचवीच्या मुलांसाठी अर्धं वर्ष फ्रेंचवर भर देणारा खास कार्यक्रमही आणला गेला.

आपल्याकडे या चार अटी एकत्र सापडणं कठीण. अनेक वर्गांत शिक्षक इंग्रजी वाक्य वाचतात आणि मराठीत समजावून सांगतात. यात लाजण्यासारखं काही नाही. मुलाला येणाऱ्या भाषेचा आधार घेऊन शिकवणं चांगलंच. अडचण दुसरीकडे आहे. समजावणं मराठीत होतं आणि परीक्षा इंग्रजीत होते. मधलं अंतर मूल पाठांतराने भरून काढतं.

हाँगकाँग आणि मलेशियाचा अनुभव

कॅनडापेक्षा आपल्याला जवळचं उदाहरण हाँगकाँगचं आहे. तिथे घरची भाषा चिनी, आणि इंग्रजी ही प्रतिष्ठेची, नोकरीची भाषा. प्राथमिक शाळा चिनीतून आणि माध्यमिक, म्हणजे साधारण बाराव्या वर्षापासून, अनेक शाळा इंग्रजीतून.

हर्बर्ट मार्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाँगकाँगमधल्या १२ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचा माध्यमिक शाळेतल्या पहिल्या तीन वर्षांत अभ्यास केला. २००० साली तो प्रसिद्ध झाला. मुलांची आधीची पातळी लक्षात घेऊन त्यांनी तुलना केली. इंग्रजीतून शिकणाऱ्या मुलांची इंग्रजी काहीशी सुधारली. पण इतिहास, भूगोल आणि विज्ञान या विषयांत मोठं नुकसान दिसलं. गणितात नुकसान होतं, पण कमी. आधीच इंग्रजी बरी असलेल्या मुलांना फटका थोडा कमी बसला.

गणित आणि विज्ञान यांच्यातला हा फरक आपल्यासाठी महत्त्वाचा आहे. गणितात चिन्हं बोलतात. समीकरण कोणत्याही भाषेत तेच असतं. विज्ञानात मात्र वर्णन करावं लागतं, फरक सांगावा लागतो, कारण द्यावं लागतं. तिथे भाषा अपुरी पडली की समज असूनही उत्तर अपुरं राहतं. आपण सेमीमध्ये दोन्ही विषय एकाच मापाने मोजतो आणि एकाच दिवशी दोघांची भाषा बदलतो.

हाँगकाँगने १९९८ मध्ये धोरण बदललं. बहुतेक माध्यमिक शाळांना चिनी माध्यम बंधनकारक केलं आणि फक्त ११४ शाळांना इंग्रजीची परवानगी दिली. पालक नाराज झाले, चिनी माध्यमाच्या शाळा दुय्यम समजल्या जाऊ लागल्या. २०१० पासून नियम पुन्हा सैल करावे लागले.

मलेशियाने तर जवळपास आपलं सेमीच राबवलं. २००३ पासून गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. सुरुवात पहिलीच्या आणि माध्यमिकच्या पहिल्या वर्गात एकदमच झाली. ग्रामीण आणि शहरी मुलांमधलं अंतर वाढतंय ही मोठी तक्रार होती. २००९ मध्ये सरकारने माघार जाहीर केली आणि २०१२ पासून हे विषय टप्प्याटप्प्याने परत मलय भाषेत नेले. नंतर २०१६ पासून तयार असलेल्या शाळांसाठी इंग्रजीचा ऐच्छिक पर्याय आला.

दोन्हीकडे धोरण एकदा या टोकाला गेलं, एकदा त्या टोकाला. मुलांना मधल्या काळात जे भोगावं लागलं ते लागलंच.

‘पोरगं इंग्रजी तर बोलतं की!’

अनेक पालकांचा हा मुद्दा असतो. भाषाशास्त्रज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ च्या सुमारास यावर एक उपयुक्त फरक मांडला. रोजच्या बोलण्याची भाषा वेगळी आणि अभ्यासाची भाषा वेगळी. बोलण्याची भाषा भोवती ती भाषा असेल तर साधारण दोन वर्षांत येते. अभ्यासाच्या भाषेत वर्गातल्या इतरांच्या बरोबरीला यायला पाच ते सात वर्षं लागतात.

आता हिशेब करून पाहा. आठवीच्या जूनपासून दहावीच्या मार्चपर्यंत मिळतात पावणेतीन वर्षं. तीही अशा गावात, जिथे शाळेबाहेर इंग्रजी कानावर पडत नाही. म्हणजे मूल अजून पुलाच्या अर्ध्यावरही नसताना आपण त्याची बोर्डाची परीक्षा घेतो. त्या परीक्षेत कमी मार्क पडले की घरात निष्कर्ष निघतो, ‘याला सायन्स जमत नाही.’ त्याला विज्ञान जमत नाही की इंग्रजी, हे मात्र कुणी तपासत नाही.

आणि पाया किती पक्का असतो? २०२३ च्या ‘असर’ अहवालात ग्रामीण भारतातल्या १४ ते १८ वयोगटातल्या मुलांची पाहणी होती. त्यात ५७.३ टक्के मुलांना इंग्रजी वाक्यं वाचता आली. वाचू शकणाऱ्यांपैकी जवळपास तीन चतुर्थांश मुलांना अर्थ सांगता आला. सुमारे २५ टक्के मुलांना स्वतःच्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूरही अडखळल्याशिवाय वाचता आला नाही. तेराव्या वर्षी भाषा बदलण्याचा फायदा पहिल्या भाषेतलं वाचन पक्कं असेल तरच मिळतो. ते कच्चं असेल तर नव्या भाषेत नेण्यासारखं मुलाकडे काही नसतं.

जतच्या मुलांचं काय?

सांगली जिल्ह्यात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. जिल्ह्याच्या पूर्वेकडचा जत तालुका कर्नाटकाला लागून आहे. तिथल्या अनेक गावांत घरात कन्नड बोलली जाते आणि जिल्हा परिषदेच्या कन्नड माध्यमाच्या शाळाही आहेत. बालभारती मराठी, इंग्रजी, हिंदी, उर्दू, गुजराती, सिंधी, तेलुगूसोबत कन्नडमध्येही पाठ्यपुस्तकं काढते.

नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकचे तत्कालीन मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी जतमधल्या ४० गावांबद्दल दावा केला, तेव्हा हा तालुका राज्यभर गाजला. चर्चा सीमेची आणि म्हैसाळच्या पाण्याची झाली. शाळेतल्या भाषेचा प्रश्न मागेच राहिला.

समजा, कन्नड माध्यमात सातवी झालेली एक मुलगी मराठी हायस्कूलमध्ये आठवीला सेमीत आली. तिच्यासाठी इतिहास-भूगोल मराठीत आणि गणित-विज्ञान इंग्रजीत. म्हणजे एकाही विषयात तिच्या घरची भाषा नाही. एकाच जूनमध्ये ती दोन नव्या भाषांत उतरते. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व शाळांत मराठी विषय सक्तीचा झाला आहे, त्यामुळे मराठीची ओळख तिला असेल. पण आपण वर पाहिलं तसं, विषय म्हणून ओळख असणं आणि त्या भाषेतून शिकणं यात मोठं अंतर आहे.

कॅनडाची दुसरी अट आठवा. घरच्या भाषेत भर पडत असेल तर त्याला इमर्शन म्हणायचं. घरची भाषाच काढून घेतली तर त्याला अभ्यासक ‘सबमर्शन’ म्हणतात, म्हणजे बुडवणं.

तर मग सेमी नकोच का?

असं म्हणणं सोपं आहे, पण ते प्रामाणिक नाही. कारण पुढे अकरावी आहे. महाराष्ट्रात अकरावी-बारावी विज्ञान शाखा इंग्रजीतूनच शिकवली जाते. नीट आणि जेईई मेन मराठीतून देण्याची सोय आहे, पण राज्याच्या सीईटीत गणिताचा पेपर इंग्रजीतच असतो. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी किंवा मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं स्वप्न पाहणाऱ्या मुलाला इंग्रजीत उतरावंच लागतं.

मराठीतून दहावी झालेलं मूल सोळाव्या वर्षी उतरतं आणि त्याला दोन वर्षांत सीईटी द्यायची असते. त्या तुलनेत आठवी ही बरी जागा आहे. पालकांचा निर्णय म्हणूनच अडाणी नाही. पुढे भिंत आहे हे त्यांना दिसतं, ते शिडी शोधतात.

खरा प्रश्न शिडी कशी आहे हा. आठवीच्या पहिल्या सहा महिन्यांत भाषेची खास तयारी, गणित आधी आणि विज्ञान नंतर असा टप्पा, दोन्ही भाषांत छापलेली प्रश्नपत्रिका, उत्तर कोणत्याही भाषेत लिहिण्याची मुभा: या गोष्टी अशक्य नाहीत. राष्ट्रीय धोरणात गणित-विज्ञानाच्या द्विभाषिक पुस्तकांची शिफारस आहेच. बालभारतीच्या मराठी विज्ञान पुस्तकात संज्ञेशेजारी इंग्रजी शब्द असतो, पण तो शब्दापुरता. वाक्य कसं लिहायचं हे त्यातून कळत नाही.

पालकांनी शाळेला काय विचारावं?

• माझं मूल सातवीच्या मराठी पुस्तकातला धडा वाचून स्वतःच्या शब्दांत सांगू शकतं का? हा प्रश्न आधी घरी विचारा. उत्तर ‘नाही’ असेल तर आधी ते पक्कं करा.

• आठवीत विज्ञान शिकवणारे सर किंवा मॅडम स्वतः इंग्रजीत किती सहज शिकवतात? एखादा तास बसून पाहता येईल का?

• पहिल्या काही महिन्यांत मुलाला मराठीत प्रश्न विचारू देतात का? मराठीत लिहिलेलं बरोबर उत्तर चूक धरतात का?

• सहामाहीनंतर जमलं नाही तर मराठी माध्यमात परत येता येईल का?

• वहीतली उत्तरं मुलाची स्वतःची आहेत की फळ्यावरून उतरवलेली? हे वही उघडली की लगेच कळतं.

मुलाने दहावीनंतर कला, वाणिज्य, आयटीआय किंवा शेतीकडे जायचं ठरवलं असेल, तर सेमीचा आग्रह कशासाठी, हेही स्वतःला विचारायला हवं. शेजारच्याने घेतलं म्हणून, हे कारण पुरेसं नाही.

कॅनडा, हाँगकाँग आणि मलेशियाच्या अनुभवातून एक गोष्ट स्पष्ट होते. तेरा हे भाषा बदलण्यासाठी उशिराचं वय नाही. पण भाषा बदलण्याचा खर्च असतो, आणि तो शाळेने उचलला नाही तर मूल एकटं उचलतं. ज्या घरात क्लास लावायला पैसे आहेत, तिथे तो खर्च दिसत नाही. बाकीच्या घरांत तो दहावीच्या निकालात विज्ञानाच्या मार्कांच्या रूपाने दिसतो. सरकारने पहिलीची तिसरी भाषा ठरवायला समिती नेमली. आठवीतल्या या बदलासाठीही तेवढ्याच गांभीर्याने विचार व्हायला हवा.